लाळेतली लढाई

तर झालं असं की, गेल्या महिन्यात आईच्या जिभेवर पांढरा थर आला. सुरुवातीला तिने कुणाला सांगितलंच नाही. "तोंड आलंय, उष्णता झाली असेल" असं म्हणत दोन दिवस गुलकंद खाल्ला, तिसऱ्या दिवशी सब्जा भिजत घातला. मग भाकरीसुद्धा टोचायला लागली तेव्हा कुठे आमच्याबरोबर डॉक्टरकडे यायला तयार झाली. डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत निदान केलं.

"काकू, दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरता ना?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. पंप कसा ओढायचा, श्वास किती वेळ धरायचा, हे सगळं मीच तिला मोबाईलवर व्हिडिओ लावून शिकवलं होतं. चूळ भरायचं तेवढं सांगायचं राहिलं होतं. पंपातल्या स्टेरॉइडचा काही भाग तोंडातच राहतो, तिथली प्रतिकारशक्ती मंदावते आणि कँडिडा नावाची बुरशी हातपाय पसरते. डॉक्टरांनी तोंडात लावायचं औषध दिलं, आठवड्याभरात आई बरी झाली, विषय संपला.

माझ्यासाठी मात्र संपला नाही, कारण जाता जाता डॉक्टर म्हणाले, "ही बुरशी तशी बऱ्याच जणांच्या तोंडात असतेच. लाळ तिला धाकात ठेवते."

लाळ? धाकात? बारावीला बायॉलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या माणसाला असलं काही सांगू नये. दोन वीकांत त्यातच गेले. आणि हाती लागली ती एका मोठ्या चुकीच्या अंदाजाची गोष्ट. अंदाज करणारे हुशार होते, त्यांचा तर्कही बिनतोड वाटत होता, म्हणून ती सांगावीशी वाटते.

*

आजार जुनाच. जिभेवरच्या पांढऱ्या थराचं वर्णन हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांतही सापडतं. त्या थरात बुरशी असते हे दिसायला मात्र सूक्ष्मदर्शक यावा लागला. १८३९ मध्ये बर्नहार्ड लांगेनबेक या जर्मन डॉक्टरला टायफसच्या एका रुग्णाच्या तोंडात ती दिसली. गंमत म्हणजे, ही बुरशीच टायफसला कारणीभूत आहे असं त्याला वाटलं. थोडक्यात, बग बरोबर सापडला पण भलत्याच तिकिटाखाली नोंदवला गेला. कँडिडा हे नाव आलं १९२३ मध्ये. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे उमेदवार पांढराशुभ्र झगा घालत, त्या पांढऱ्या रंगावरून कँडिडा. (इंग्रजी कँडिडेट हा शब्दही तिथलाच. म्हणजे पांढरे कपडे घालून मतं मागायची पद्धत आपली एकट्याची नाही.) अल्बिकन्स म्हणजे पांढरं होत जाणारं. एकूण नाव काय, तर पांढरी पांढरट.

जगातल्या साधारण निम्म्या धडधाकट माणसांच्या तोंडात कँडिडा निवांत राहत असते आणि त्यांना तिचा पत्ताही नसतो. ती उठाव करते तो राखणदार पेंगल्यावर. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची हकीकत छापून आली. पुढे ज्याला एड्स म्हटलं गेलं, त्याची ती पहिली अधिकृत नोंद. त्या पाचही जणांना न्यूमोनियाबरोबर कँडिडाचा संसर्ग होता. आयुष्यभर शेजारी राहिलेल्या बुरशीने पहारा उठल्याबरोबर घराचा ताबा घेतला होता.

मग हा पहारा नेमका कोण देत असतं?

*

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात एका शेंबडापासून होते. अतिशयोक्ती नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला लंडनमध्ये सर्दी झाली होती. त्याने स्वतःच्या नाकातला शेंबूड बॅक्टेरियाच्या ताटलीवर टाकून बघितला, तर काही जातीचे बॅक्टेरिया चक्क विरघळले. अश्रू, लाळ, अंड्यातला पांढरा भाग, सगळीकडे तोच पदार्थ सापडला. अश्रू मिळवायला तो सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळायचा. (आपले मॅनेजर तुलनेने बरे!) १९२२ मध्ये त्याने या पदार्थाला लायसोझाइम असं नाव दिलं. पण तो मरतुकड्या जंतूंवरच जास्त चाले, आणि १९२८ मध्ये त्याच फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं. त्या झगमगाटात शेंबडाकडे कोण बघणार?

पुढची मोठी उडी १९८१ ची. स्टॉकहोममध्ये हान्स बोमन एका मोठ्या पतंगाच्या कोशांवर काम करत होते. पतंग म्हणजे दिव्याभोवती फिरणारा, मांज्याचा नव्हे. कीटकांच्या अंगात आपल्यासारख्या अँटिबॉडीज तयार होत नाहीत. तरी बॅक्टेरिया टोचल्यावर हे कोश मरत नव्हते. बोमन यांच्या गटाने त्यातून सेक्रोपिन नावाचे छोटे रेणू वेगळे काढले. अमिनो आम्लांची लांबलचक साखळी म्हणजे प्रथिन आणि तिचा आखूड तुकडा म्हणजे पेप्टाइड. सेक्रोपिन हे असं जंतू मारणारं पेप्टाइड.

आणि मग आले मायकेल झास्लॉफ आणि त्यांचे बेडूक. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ते आफ्रिकन बेडकांची अंडी वापरून संशोधन करत. बेडकाचं पोट उघडायचं, अंडी काढायची, टाके घालायचे आणि त्याला परत टाकीत सोडायचं. टाकीतलं पाणी म्हणजे जंतूंचं आगर. तरी जखमा न चिघळता भरून येत. हे रोज डोळ्यांसमोर घडत होतं. पण एक दिवस झास्लॉफ थांबले आणि त्यांनी स्वतःला विचारलं, असं का? १९८७ मध्ये त्यांनी उत्तर छापलं: बेडकाच्या कातडीत २३ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडं होती, आणि ती बॅक्टेरिया व बुरशी दोन्हींना आवरत होती. हिब्रू भाषेतल्या ढाल या शब्दावरून त्यांनी नाव ठेवलं मॅगेनिन.

पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, बोस्टनमध्ये फ्रँक ओपेनहाइम आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या लाळेतल्या अशाच एका कुटुंबाची ओळख करून दिली: हिस्टॅटिन. त्यातलं पाचव्या नंबरचं भावंड फक्त २४ अमिनो आम्लांचं, पण कँडिडाच्या मुळावर उठलेलं. डॉक्टर म्हणाले तो धाक हाच. बोट कापलं की आपण नकळत तोंडात घालतो, त्या लाळेत एवढा ऐवज असतो. (तरी आता जखम नळाखालीच धुवा, लाळेत जंतूही भरपूर असतात.)

*

आता तो बिनतोड तर्क ऐका.

या पेप्टाइडांवर बहुतेक वेळा धन विद्युतभार असतो. जंतूंच्या बाह्य पटलावर ऋण भार जास्त, आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला जवळपास नाहीच. म्हणून पेप्टाइड जंतूला जाऊन चिकटतं, पटलात घुसतं आणि त्याला भोकं पाडतं. नेहमीचं अँटिबायोटिक जंतूच्या एखाद्या विशिष्ट प्रथिनाला धरतं. त्या प्रथिनाचा आकार जरा बदलला की औषध निकामी. पण इथे लक्ष्य एक प्रथिन नव्हे, अख्खी भिंत होती. भिंतीची रचनाच बदलायची म्हणजे जंतूला जवळजवळ नव्याने जन्म घ्यावा लागेल. शिवाय ही पेप्टाइडं कोट्यवधी वर्षं वापरात आहेत आणि तरी चालतात. पेनिसिलिनला दाद न देणारे जंतू काही वर्षांतच दिसले होते. तेव्हा या अस्त्राविरुद्ध प्रतिकार निर्माण होणं जवळपास अशक्य, असं झास्लॉफ यांनी २००२ मधल्या गाजलेल्या आढाव्यातही लिहिलं होतं.

दरम्यान मॅगेनिनवरून बनवलेलं पेक्सिगॅनन हे मलम मधुमेह्यांच्या पायांच्या जखमांसाठी तयार झालं होतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी ते नाकारलं. पण कल्पना मेली नव्हती, अनेक प्रयोगशाळा अशी औषधं घडवत होत्या.

२००३ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले उत्क्रांतीचे अभ्यासक ग्रॅहम बेल आणि फ्रान्सचे पिएर-आंरी गुयाँ यांनी एक अस्वस्थ करणारा मुद्दा मांडला. जंतूंची संख्या अफाट आणि पिढ्या झटपट. पुरेसा दाब पुरेसा काळ राहिला तर प्रतिकार येणारच, या अस्त्राला तेवढी सवलत का मिळावी? आणि इथे धोका दुहेरी आहे. पेनिसिलिन निकामी झालं तर आपण एक औषध गमावतो. पण आपल्याच शरीरातल्या पेप्टाइडासारखं औषध बाटलीत भरून वाटलं आणि त्याला दाद न देणारे जंतू तयार झाले, तर ते आपल्या लाळेला, कातडीला, आतड्याच्या अस्तरालाही दाद देणार नाहीत. म्हणजे औषधाबरोबर जन्मजात ढालही जाईल.

आता आपल्याकडे असं कुणी म्हटलं असतं तर काय झालं असतं ते तुम्ही जाणता. मेलामेली, सीसीमध्ये सगळे वरिष्ठ, आणि शेवटी "ऑफलाइन बोलूया". इथे वेगळंच घडलं. झास्लॉफ आणि बेल यांनी मिळून प्रयोग केला. बेल यांच्या गटातल्या गॅब्रिएल पेरॉन यांनी बॅक्टेरियाच्या दोन जातींचे २४ वंश पेक्सिगॅननच्या सान्निध्यात ६०० ते ७०० पिढ्या वाढवले. २४ पैकी २२ वंशांत प्रतिकार आला. २००६ मध्ये निबंध छापला गेला. लेखक तीन: पेरॉन, झास्लॉफ, बेल. आपला अंदाज चुकल्याचा पुरावा मांडणाऱ्या निबंधावर झास्लॉफ यांनी स्वतःचं नाव घातलं. बेडकांच्या शोधाइतकंच मला हे मोठं वाटतं.

*

पण हे झालं बॅक्टेरियाचं, आणि तेही प्रयोगशाळेतलं. बुरशीचं काय?

बुरशीला तर कुणी प्रयोग करायची वाट बघावी लागलीच नव्हती. ती लाखो वर्षं आपल्या आणि आपल्या पूर्वजांच्या लाळेत पोहत आलेली आहे. शास्त्रज्ञ हिस्टॅटिनचा अभ्यास करत गेले तसतशा तिच्या एकेक युक्त्या उघड होत गेल्या.

पहिला धक्का असा की, हिस्टॅटिन भिंत फोडतच नाही, निदान मुख्यतः तरी नाही. १९९९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं की त्याचं लक्ष्य पेशीच्या आत, मायटोकॉन्ड्रियात आहे. म्हणजे त्याला आधी आत शिरावं लागतं. ते कसं शिरतं? अमेरिकेतल्या बफेलोमध्ये मीरा एजर्टन यांच्या गटाने हे वर्षानुवर्षं उलगडलं. कँडिडाला वाढीसाठी पॉलिअमाइन नावाची संयुगं लागतात, आणि ती आत घ्यायला तिच्या पटलावर ड्यूर३ आणि ड्यूर३१ नावाचे दरवाजे असतात. हिस्टॅटिन याच दरवाजांनी आत जातं. आमच्या भाषेत सांगायचं तर भिंत पाडायची गरजच नाही, एक पोर्ट उघडा आहे.

मग पहिली युक्ती उघड आहे: तो पोर्ट नसणं. कँडिडा ग्लाब्राटा या चुलत बहिणीवर हिस्टॅटिनचा फारसा परिणाम होत नाही. २०१३ मध्ये एजर्टन यांच्या गटाने अल्बिकन्सच्या ड्यूर दरवाजांची जनुकं ग्लाब्राटात घातली, आणि ती हिस्टॅटिनने मरायला लागली. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात मिळतो हे मला माहीतच नव्हतं.

अल्बिकन्सला मात्र दरवाजा ठेवायचाय, कारण त्यातून सामान येतं. म्हणून तिच्याकडे दुसरी युक्ती: कात्री. ती प्रथिनं कापणारी विकरं बाहेर सोडते, आणि त्यांच्यासाठी तिच्याकडे एक-दोन नव्हे, दहा जनुकं आहेत. २००९ मध्ये मेरीलँडच्या संशोधकांनी दाखवलं की या कात्र्या हिस्टॅटिनचे तुकडे करतात.

तिसरी युक्ती: भुलवणं. कँडिडाच्या पृष्ठभागावर एमएसबी२ नावाचं साखरेने मढवलेलं प्रथिन असतं. त्याचा बाहेरचा भाग ती आसपास सोडून देते. २०१२ मध्ये ड्युसेलडॉर्फमध्ये योआखिम अर्न्स्ट यांच्या गटाने दाखवलं की पेप्टाइडं त्या तुकड्यांनाच चिकटून बसतात आणि खऱ्या पेशीपर्यंत पोचतच नाहीत. सिक्युरिटीवाले ज्याला हनीपॉट म्हणतात तसलाच प्रकार.

चौथी युक्ती: उपसा. एवढं करूनही काही हिस्टॅटिन आत आलंच तर ते फ्लू१ नावाच्या पंपाने बाहेर फेकायचं. हेही २०१३ चंच काम. या पंपाच्या नावाला इतिहास आहे. तो आधी फ्लुकोनॅझोल या औषधाच्या संदर्भात सापडला, म्हणून फ्लू. म्हणजे आपल्या औषधासाठी म्हणून ओळखला गेलेला पंप आपल्या लाळेविरुद्धही कामाला येत होता. औषध तर १९८० च्या दशकातलं, लाळ माणसाइतकी जुनी.

इथे मला बेल यांचा मुद्दा नीट कळला. प्रतिकार 'निर्माण होईल का' असं आपण विचारत होतो. बुरशीच्या बाबतीत तो कधीचाच तयार होता.

*

मग लाळ चालते कशी? सुट्टीच्या दिवशी हा प्रश्न घेऊन बसलो होतो, तेवढ्यात आईने विचारलं, "अरे, एवढं काय वाचतोयस? मी झाले की बरी!" बरोबर. ती बरी झाली, आणि निम्मं जग मुळात आजारीच पडत नाही.

मला समजलं ते असं. लाळेत हिस्टॅटिन एकटं नसतं. लायसोझाइम असतं, डिफेन्सिन नावाची दुसरी पेप्टाइडं असतात, अँटिबॉडीज असतात, जागेसाठी भांडणारे बॅक्टेरिया असतात आणि लाळेचा प्रवाह सतत सगळं धुऊन नेत असतो. कात्री, आमिष, पंप हे सगळं बाळगायला बुरशीलाही ऊर्जा खर्चावी लागते. त्यामुळे कुणीच जिंकत नाही, दोघं एकमेकांना रेटत उभे असतात. ही पेप्टाइडं कोट्यवधी वर्षं टिकली याचा अर्थ आपण चुकीचा लावला. शत्रूला तोड सापडली नाही म्हणून ती टिकलेली नाहीत. ती एकटी, भरमसाट आणि सतत कधी वापरलीच गेली नाहीत, म्हणून टिकली. आईच्या तोंडातही बुरशीने नवी युक्ती काढली नव्हती. आमच्या पंपाने पहारा ढिला केला, बस्स.

बाटलीत भरलं की काय होतं त्याचं उदाहरण बुरशीतच आहे. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं कॅस्पोफंजिन हे मेदाचं शेपूट लावलेलं गोल पेप्टाइडच आहे, आणि त्याचा मूळ रेणूही एका बुरशीकडून घेतलेला. ते बुरशीची भिंत विणणाऱ्या यंत्राला थांबवतं. उत्तम औषध, असंख्य जीव वाचवलेले. पण त्या यंत्राच्या एफकेएस१ या जनुकात मोजक्या ठिकाणी बदल झाला की ते चालेनासं होतं, आणि असे बदल रुग्णांमध्ये सापडले आहेत.

म्हणून पेप्टाइडांचा नाद सोडावा का? तसंही म्हणवत नाही. बुरशीची पेशी बॅक्टेरियापेक्षा आपल्या पेशीच्या कितीतरी जवळची, त्यामुळे तिला मारून आपल्याला न मारणारी औषधं मुळातच थोडी. २०२१ मध्ये ब्लॅक फंगसच्या वेळी ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर नातेवाइकांची जी धावपळ झाली ती आठवा. त्यात कँडिडा ऑरिस आहेच. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा वर्णन झालेली ही बुरशी २०१३ पर्यंत दिल्लीच्या रुग्णालयांतून नोंदली गेली आणि आता जगभर आहे. बऱ्याचदा फ्लुकोनॅझोलला ती जुमानत नाही. पण २०१८ मध्ये मेरीलँडच्या गटाने तिच्यावर हिस्टॅटिन टाकून बघितलं, आणि ती मेली. त्याच वर्षी मेरीलँडमध्येच हिस्टॅटिनमधलं सतराव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदलून कँडिडाच्या कात्रीला सहज न कापता येणारं रूपही बनवलं गेलं.

हे वाचून पहिल्यांदा टाळी वाजवावीशी वाटली. मग बेल आठवले. कात्रीला न जुमानणारं हिस्टॅटिन उद्या माउथवॉशमध्ये घालून दुकानादुकानांत विकलं, तर कोट्यवधी तोंडांतल्या बुरशीवर एकाच अस्त्राचा दाब येईल, रोज सकाळ-संध्याकाळ. त्यातून जी उरेल तिच्यापुढे आपलं साधं, फुकटचं, जन्मापासून मिळालेलं हिस्टॅटिन कितपत टिकेल? माझं मत विचाराल तर असं औषध जरूर बनावं, पण अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी, दुसऱ्या औषधाच्या जोडीने, मोजून. ताज्या श्वासासाठी नव्हे.

असो. आमच्या घरी सध्या बेसिनच्या आरशावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: "पंप झाला? चूळ!" अक्षर माझं. आई रोज चूळ भरते आणि दर वेळी मला ऐकू जाईल इतक्या जोरात भरते.